भोपळ्याची कड आणि दांडीची कड

गेल्या अंकात मी लिहून गेलो की फोटोतली पार्श्वभूमी बदलताना माणसाची कड 'जरा मऊ' करावी. जरा म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. त्याची शिक्षा म्हणून या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं फेदरची, म्हणजे फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधल्या कड मऊ करायच्या सोयीचीच निघाली. तेव्हा 'कुठला कॅमेरा घेऊ' वाल्यांनी महिनाभर दम धरावा. आज फक्त कड.

प्रश्न : काका, मी बार्शीत फ्लेक्सच्या दुकानात दीड वर्षं डिझायनर आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर कार्यकर्त्यांचे फोटो कापून लावायचं काम दिवसभर असतं. मालक म्हणतात, "पाच फेदर मार आणि पुढं हो." पाच मारलं की माणसाभोवती पांढरी रेघ येते, नाही मारलं तर कात्रीनं कापून डकवल्यासारखा दिसतो. नक्की किती मारायचं? – एक डिझायनर, बार्शी

उत्तर : काका म्हणालास, तर अरे-तुरे करतो.

तुझ्या मालकांचा पाचाचा आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे. तो त्यांना कुणीतरी सांगितला, त्याला आणखी कुणीतरी. आमच्या मिरजेत तो तीन आहे आणि दहा किलोमीटरवर सांगलीत दोन. प्रत्येक गावाचा आपला एक ठरलेला आकडा असतो आणि तो का, हे कुणी विचारत नाही. तू विचारलंस, म्हणून मुळापासून सांगतो.

सिलेक्शन, म्हणजे आपण निवडलेला भाग, ही कात्री नव्हे. ते एक करडं चित्र असतं, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. पांढरं म्हणजे पूर्ण निवडलेलं, काळं म्हणजे अजिबात न निवडलेलं, आणि मधल्या सगळ्या छटा म्हणजे अर्धंमुर्धं. 0 पासून 255 पर्यंत. तू फेदर मारतोस तेव्हा फोटो धूसर होत नाही, हे करडं चित्र धूसर होतं. आणि धूसर होताना ते दोन्हीकडे पसरतं, अर्धं आत आणि अर्धं बाहेर. आता बाहेर काय आहे ते बघ. कार्यकर्ता पक्षाच्या कार्यालयात पांढऱ्या भिंतीसमोर उभा होता. ती भिंत थोडी थोडी करून तुझ्या सिलेक्शनमध्ये शिरली. तुझ्या बॅनरची पार्श्वभूमी गडद निळी किंवा भगवी असली की तीच भिंत रेघ होऊन दिसते. आणखी एक खोच अशी की फोटोशॉपमध्ये पाच लिहिलं म्हणजे पाचच पिक्सेलची कड मऊ झाली असं होत नाही. मऊपणा लिहिलेल्या आकड्याच्या बराच पुढे, दोन्ही बाजूंना रेंगाळत जातो.

म्हणून फेदरच्या आधी सिलेक्शन आत ओढायचं. सिलेक्ट, मॉडिफाय, काँट्रॅक्ट, एक किंवा दोन पिक्सेल. मग फेदर. रेघेची निम्मी तक्रार इथेच मिटते. कापून झाल्यावर लक्षात आलं, तर लेयरच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, मेनूत मॅटिंग नावाखाली डीफ्रिंज आहे. ते कडेच्या पिक्सेलांचा रंग आतल्या रंगाने बदलतं. पण ते मास्क (नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा) नसलेल्या लेयरवरच चालतं, आणि केसांवर मारलंस तर केस प्लास्टिकचे दिसतात.

दुसरी चूक तुझी नाही, धंद्याची आहे. कार्यकर्त्याचा फोटो येतो व्हॉट्सॲपवरून, उंचीला समज 1200 पिक्सेल. तू तो आहे त्या आकारात कापतोस, पाच फेदर मारतोस आणि मग दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर ओढून मोठा करतोस. इंचाला 72 पिक्सेल धरून काम केलंस तर दहा फूट म्हणजे 8640 पिक्सेल आणि आठ फूट म्हणजे 6912. माणूस 6000 पिक्सेल उंच केलास, म्हणजे पाचपट. तुझं पाच फेदरही पाचपट झालं, पंचवीस. 72 ला पंचवीस पिक्सेल म्हणजे जवळजवळ नऊ मिलिमीटर, आणि तेही पसरायच्या आधी. माणसाभोवती बोटाएवढा धुराचा पट्टा येतो तो असा. आधी मोठा कर, मग काप, मग फेदर ठरव. एवढा क्रम पाळलास तरी तुझे बॅनर मालकांच्या बॅनरपेक्षा बरे दिसतील. त्यांना सांगू नकोस, शिकलास कुठून ते.

आता आकडा. आकड्याचं उत्तर मला एका तंबोऱ्याने शिकवलं.

आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांना पत्रकासाठी तंबोऱ्याचा फोटो हवा होता, पांढऱ्यावर कापलेला. मी तंबोरा तिरपा ठेवला. खुंट्या माझ्याकडे, भोपळा लांब. फोकस खुंट्यांवर, भोपळा मागे हळूहळू धूसर होत गेलेला. फोटो चांगलाच आला होता. मग मी पेन टूलने बाहेरून सगळा काढून घेतला आणि आमच्या गावचं तीन फेदर मारलं. प्रिंट काढून दिली. त्यांनी ती खिडकीशी नेली, तिरकी धरली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "दांडी ओली दिसतेय. आणि भोपळा पत्र्याचा."

दोन वाक्यं. पण माझ्या वीस-बावीस वर्षांच्या कामातली खोट त्यांनी बरोबर पकडली. दांडीची कड फोटोत एका पिक्सेलात संपत होती, कारण ती रंधून सरळ केलेली आणि फोकसमध्ये होती. तिला तीन फेदर दिल्यावर ती विरघळली. भोपळ्याची कड मात्र फोकसबाहेर असल्यामुळे मुळातच दहा-बारा पिक्सेलांत हळूहळू विरत होती. तिला तीन फेदर म्हणजे सुरीने कापल्यासारखं. एकच आकडा एका टोकाला जास्त झाला आणि दुसऱ्या टोकाला कमी. तारांचं तर विचारूच नकोस. दोन-तीन पिक्सेल रुंदीच्या त्या तारा, खुंट्यांपाशी जिथे बाहेर डोकावत होत्या तिथे अर्ध्या पुसल्या गेल्या.

तेव्हापासून मी आकडा विचारत नाही, मोजतो. फोटो चारशे टक्क्यांवर मोठा कर आणि मूळ कड बघ. कपड्याचा रंग संपून भिंतीचा रंग लागेपर्यंत मध्ये किती पिक्सेल जातात? कॉलरपाशी एक, खांद्यापाशी दोन, मागच्या हाताच्या कोपरापाशी चार. तेवढाच मऊपणा त्या त्या ठिकाणी द्यायचा. कॅमेऱ्याने जी कड दिली तीच परत द्यायची, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

हे करायचं कसं? सिलेक्शनला फेदर मारूच नको. पेन टूलने काप, लेयर मास्क लाव, कड कडक राहू दे. मग मास्कवर क्लिक करून ब्लर टूल घे आणि जिथे मूळ कड मऊ होती तिथेच फिरव. एकदा फिरवलंस तर थोडी, तीनदा फिरवलंस तर जास्त. सगळ्या कडेला मिळून थोडा मऊपणा हवाच असेल तर मास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये फेदरची पट्टी आहे. ती नंतरही मागेपुढे करता येते. सिलेक्शनला मारलेलं फेदर तसं परत काढता येत नाही. शिवाय ते एकावर एक चढतं. आधी तीन मारलं, विसरून परत चार मारलं, तर सात होत नाहीत, साधारण पाच होतात. काटकोन त्रिकोणाचा हिशेब. शाळेत गुरुजींनी पायथागोरस शिकवला तो इथे कामाला आला, मला तरी दुसरीकडे कुठे आला नाही.

एका कार्यकर्त्याला या पद्धतीने दहा मिनिटं लागतील, आणि तुझ्या बॅनरवर चाळीस कार्यकर्ते असतात हे मला माहीत आहे. तेव्हा मधला जो मोठा फोटो आहे त्याच्यावर ही दहा मिनिटं घाल. खालच्या ओळीतल्या 'शुभेच्छुक' मंडळींना एक काँट्रॅक्ट, अर्धा ते एक फेदर आणि राम राम.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो स्कॅन केला आहे. जुन्या फोटोत असायचा तसा लंबगोल, कडेने पांढऱ्यात विरत गेलेला करायचा आहे. घराण्याच्या पुस्तिकेत छापणार आहोत. भाचीने संगणकावर जिंप हे फोटोचं सॉफ्टवेअर घालून दिलं आहे. फेदर 10 दिलं, काहीच फरक दिसत नाही. 500 दिलं तर आजोबांचे कानही गेले. – एक वाचक, दापोली

उत्तर : बाई, तुमची भाची शहाणी आहे. जिंप फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरेल.

दहाचा फरक दिसला नाही, कारण तुमचा स्कॅन मोठा आहे. तुम्ही लिहिलं आहे की फोटो तीन बाय चार इंचांचा आणि स्कॅन इंचाला 600 पिक्सेलचा. म्हणजे 1800 बाय 2400 पिक्सेल. त्यात दहा म्हणजे नखाएवढंसुद्धा नाही. तेव्हा पिक्सेलमध्ये विचार करू नका, इंचात करा. पुस्तिकेत फोटो इंचाला 300 पिक्सेलने छापला तर तो सहा बाय आठ इंचांचा होईल आणि अर्धा इंच म्हणजे 150 पिक्सेल. जिंपमध्ये 150 पासून सुरुवात करा. जिंपमध्येच, हे मुद्दाम लिहितो. फोटोशॉपमधला तोच आकडा जास्त दूरवर पसरतो. नाव एक, आकडा एक, परिणाम वेगळा. कुणी फोटोशॉपवाल्याने तुम्हाला आकडा सांगितला तर तो इथे चालणार नाही.

कान का गेले? तुम्ही लंबगोल डोक्यांना चिकटून काढला असणार. विरणं अर्धं आत येतं, हे वर बार्शीच्या मुलाला लिहिलंच आहे. लंबगोल मोठा काढा, डोकं आणि कड यांत दोन बोटं जागा ठेवा. मात्र फोटोच्या चारही बाजूंना तो टेकू देऊ नका. बाहेरचा अर्धा भाग विरायलाही जागा लागते. जागा नसली तर विरत विरत गेलेली कड एका ठिकाणी सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. आजोबांच्या पगडीच्या वर जागा कमी आहे असं तुम्ही म्हणता. मग आधी कॅनव्हास वरून वाढवा आणि वाढलेल्या जागेत मागच्या पडद्याचाच रंग भरून घ्या.

आणि डिलीट करून कापू नका. लंबगोल निवडा, फेदर द्या, मग लेयरच्या मेनूतून लेयर मास्क जोडा आणि विचारल्यावर 'सिलेक्शन' म्हणा. खाली एक पांढरा लेयर ठेवा. नाही आवडलं तर मास्क काढून टाकायचा, आजी-आजोबा जसेच्या तसे परत.

विरणं कसं दिसतंय हे नीट पाहायचं असेल तर फेदर दिल्यावर शिफ्ट आणि क्यू दाबा. न निवडलेला भाग लाल होतो आणि लालाची छटा कुठे दाट, कुठे पातळ ते दिसतं. फोटोशॉपमध्ये नुसतं क्यू. हा लाल रंगही उगाच आलेला नाही. ऑफसेट छपाई फिल्मवरून व्हायची त्या दिवसांत फिल्मवर नको असलेला भाग झाकायला लाल मास्किंग फिल्म वापरत. त्या कामाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणजे लाल तिथे काळंच. आमच्या ओळखीचे एक प्रेसवाले ब्लेडने ती लाल फिल्म इतकी सफाईदार सोलायचे की पेरूची साल काढताहेत असं वाटे.

तुमचा प्रश्न वाचून मला डार्करूम आठवली, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. 1987 मध्ये मी एका स्टुडिओत उमेदवारीला लागलो, तेव्हा असा विरलेला लंबगोल हाताने करायचा असे. पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडायचं, भोकाच्या कडेला करवतीसारखे दाते कापायचे. एनलार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राची, लेन्स वर, कागद खाली, आणि मध्ये हा पुठ्ठा धरायचा. उजेड भोकातून जेवढ्यावर पडेल तेवढा फोटो उमटणार, बाकी कागद पांढरा. पुठ्ठा कागदाजवळ नेला की कड कडक, लेन्सकडे उचलला की मऊ. आणि उजेड सुरू असेपर्यंत तो सतत हलकासा हलवत राहायचं. हात एक सेकंद थांबला तरी पुठ्ठ्याची कड कागदावर उमटायची. आमचे उस्ताद अंधारात मागे उभे राहून "हलव, हलव, खीर ढवळतोयस" असं म्हणत. माझं फेदर ते. आकडा नव्हता, मनगट होतं. तुमच्या आजी-आजोबांचा मूळ फोटो त्या काळी कुणी असाच विरवला असता, तर कड चारही बाजूंना अगदी सारखी आली नसती. तेव्हा तुमची कड कुठे थोडी कमी-जास्त दिसली तर दुरुस्त करायला बसू नका.

प्रश्न : फेदर मारल्यावर "50 टक्क्यांपेक्षा जास्त निवडलेला एकही पिक्सेल नाही" असा इशारा येतो आणि हलणारी रेघ नाहीशी होते. सिलेक्शन गेलं का? – इचलकरंजी

उत्तर : गेलं नाही, दिसत नाही. ती मुंग्यांच्या रांगेसारखी चालणारी रेघ सिलेक्शनची खरी हद्द दाखवत नाही. जिथे निवड निम्मी होते तिथूनच ती जाते. तुम्ही लहानशा जागेला मोठं फेदर मारलंत, सगळंच निम्म्याच्या खाली गेलं, मुंग्यांना चालायला वाट उरली नाही. डोळ्यातली लाली काढायला बुबुळ निवडायचं आणि 30 फेदर मारायचं, असं काहीतरी केलं असेल. आकडा कमी करा.

प्रश्न : कालपर्यंत नीट कापले जाणारे पासपोर्ट फोटो आज अचानक धुरकट कापले जात आहेत. मी फेदर मारतच नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकू का? – कुडाळ

उत्तर : नका टाकू. लॅसो (हाताने भाग निवडायचं टूल) निवडल्यावर वरच्या पट्टीत डाव्या बाजूला फेदरचा चौकोन असतो, तिथे बघा. मागच्या कामाचे 20 तिथेच बसलेले असतील. तो आकडा आपणहून शून्य होत नाही. आणि तो पुढच्या सिलेक्शनला लागतो, आधी काढलेल्याला नाही, त्यामुळे नक्की कधीपासून बिघडलं ते कळत नाही. पाच मिनिटांत हे उत्तर देता येतं, कारण मी स्वतः एका शनिवारी शाळेच्या ओळखपत्रांचे साठ फोटो असे कापले होते. 413 बाय 531 पिक्सेलच्या पासपोर्ट फोटोत वीस फेदर म्हणजे पोरांचे कान ढगात. रविवारी सकाळी सगळे परत कापले. आता पट्टीतला चौकोन मी कायम शून्य ठेवतो आणि फेदर लागलं तर मेनूतून देतो. सरकारी अर्जाच्या फोटोला मात्र कापाकापी करत बसू नका. पांढऱ्या पडद्यासमोर, पडद्यापासून दोन हात पुढे उभं करून काढा.

प्रश्न : लग्नाच्या अल्बमची डिझाइन करते. बारा बाय छत्तीसच्या पानावर नवरीचा फोटो कापून मागे महाल किंवा घाट लावायचा असतो. मोकळे केस, गजरा, नथ आणि नेटचा दुपट्टा, चारही गोष्टी एकाच फोटोत आल्या की रात्र जाते. फेदर कितीही दिलं तरी केसांचं हेल्मेट होतं. – नाशिक

उत्तर : कारण केस हा फेदरचा प्रांतच नाही. फेदर एका रेषेला मऊ करतं, आणि मोकळ्या केसांना रेषाच नसते. तिथे हजार बारीक कडा असतात आणि त्यातली प्रत्येक कडक असते. तुम्ही त्या सगळ्यांना मिळून एक गोधडी पांघरता, म्हणून हेल्मेट.

केसांना सिलेक्ट अँड मास्क. फोटोशॉपमध्ये 2016 पासून ते स्वतंत्र दालन आहे. त्याआधी रिफाइन एज होतं. त्यातला कडेचा ब्रश फक्त केसांवरून फिरवा, चेहऱ्यावरून किंवा खांद्यावरून नको. हिरवळीवर काढलेला फोटो असेल तर केसांच्या टोकांना हिरवी झाक राहते. त्याला तिथेच खाली डीकंटॅमिनेट कलर्स आहे. मागची भिंत फिकी आणि एकरंगी असेल तर मी अजून जुनीच वाट धरतो. लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन चॅनेल उघडायचे, तिघांतला ज्यात केस आणि भिंत यांत सगळ्यात जास्त फरक दिसतो त्याची प्रत काढायची, पुष्कळदा तो निळा असतो. लेव्हल्सने (उजळ-गडद कमीजास्त करायची सोय) भिंत पांढरी आणि केस काळे करायचे आणि त्याचाच मास्क करायचा. केस स्वतःच स्वतःला कापून देतात.

गजऱ्याच्या कळ्या भरीव असतात, त्यांना मऊपणा नको. नथ तर अजिबात नको. एका बटणात माणूस निवडून देणारी सोय आता आली आहे आणि ती खरंच चांगली आहे, मी रोज वापरतो. पण माझ्याकडे तरी ती नथीच्या मोत्यांपैकी एखादा हमखास गिळते आणि नथ गालापुढे येऊन कडेला डोकावत असेल तर अख्खीच. तेवढी पेन टूलने हाताने काढा. घरची मंडळी अल्बम हातात घेतल्यावर आधी नथ बघतात, मागचा महाल नंतर.

नेटच्या दुपट्ट्याला मऊ कड नको, पारदर्शकता हवी. त्यातून मागचं दिसलं पाहिजे. मास्कवर त्या भागात मधला करडा रंग भरा, दुपट्ट्याचा काठ पांढरा ठेवा. जिथे नेटच्या चुण्या एकावर एक येतात तिथे करडा जरा उजळ. मऊ आणि पारदर्शक यांची गल्लत चांगल्या चांगल्या डिझायनरांकडून होते. फेदर देऊन दुपट्टा पातळ होत नाही, फक्त कडेला झिजतो.

आणि जाता जाता, घाटावर सकाळचं ऊन आणि नवरीवर हॉलमधला फ्लॅश असेल तर तुम्ही केस अन् केस वेगळा काढलात तरी ती डकवलेलीच दिसणार. ते पाप कडेच्या माथी मारू नका.

प्रश्न : इथल्या महाराष्ट्र मंडळासाठी गणपतीच्या मूर्तीचा फोटो मऊ कडेने कापून पीएनजी केला. व्हॉट्सॲपवर पाठवला की मागे काळं येतं. – बडोदे

उत्तर : फोटो म्हणून पाठवलात की व्हॉट्सॲप त्याचं जेपीजी करतं आणि जेपीजीला पारदर्शक हा प्रकारच माहीत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीएनजीत पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या असतात, म्हणून तुमची मऊ कड टिकते. कुणी जीआयएफ करायला सांगितलं तर नको म्हणा. तिथे पिक्सेल एकतर आहे नाहीतर नाही, प्रभावळीची कड करवतीसारखी होईल. मूर्ती पांढऱ्यावरून कापली असेल आणि मंडळाचा मांडव गडद असेल तर मॅटिंगमध्ये रिमूव्ह व्हाइट मॅट एकदा करून बघा.

प्रश्न : आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत ते असावेत अशी आईची इच्छा आहे. त्यांचा अंगणात, उन्हात काढलेला एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. मीच कापून लावायचा प्रयत्न केला. फेदर कमी दिलं तर बाबा फोटोच्या बाहेर उभे असल्यासारखे दिसतात, जास्त दिलं तर... तो शब्द लिहवत नाही. – वाई

उत्तर : ताई, हे काम माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा येतं. त्याला मी नाही म्हणत नाही. काही स्टुडिओवाले नाही म्हणतात, त्यांचंही मला कळतं. माझी अट एकच असते, मूळ ग्रुप फोटो तसाच वेगळा जपून ठेवायचा.

तुम्ही बाबांना कुठे उभं केलंत ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे, कडेला. किंवा आईच्या शेजारी, पुढे. तिथे त्यांची डोक्यापासून पायापर्यंतची सगळी कड उघडी पडते आणि सगळी तुम्हालाच सांभाळावी लागते. त्यांना मागच्या रांगेत घ्या. आई खुर्चीवर बसली असेल तर तिच्या मागे, दोन उभ्या माणसांच्या मध्ये. मग त्यांचं फक्त डोकं, गळा आणि खांद्याचा थोडा भाग दिसेल. बाकीची कड त्यांची नसेलच, शेजारच्या काकांच्या खांद्याची असेल. म्हणजे कापायचं आहे ते बाबांना कमी आणि काकांच्या खांद्याला जास्त. तो खांदा त्याच फोटोतला असल्यामुळे त्याची कड किती मऊ आहे ते समोर दिसतंच. मोजा आणि बाबांच्या कडेला तेवढंच द्या. माझा अनुभव असा की हॉलमधल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेची कड दोन-तीन पिक्सेलांची असते, पुढच्यापेक्षा जरा मऊच.

त्याआधी मात्र दोन गोष्टी. एक, आकार. बाबांचं डोकं शेजारच्यांच्या डोक्याएवढं करा आणि ते केल्यावरच कड ठरवा. मोबाईलमधला जवळून काढलेला फोटो लहान केला की तो इतरांपेक्षा जास्त कोरीव दिसतो. त्याला सगळ्यालाच अगदी हलका, पिक्सेलभर ब्लर द्या आणि हॉलमधल्या फोटोत जे बारीक दाणे दिसतात तेवढे नॉइज घाला. डकवलेलं दिसण्याचं कारण पुष्कळदा कड नसतेच. आतला माणूस शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ असतो, हेच असतं.

दोन, ऊन. डोक्यावरच्या उन्हात भुवयांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. लग्नाच्या हॉलमध्ये तशी सावली कुणाच्याच तोंडावर नाही. ती फेदरने जात नाही आणि ब्रशने घालवायला गेलात तर चेहरा बदलतो. आई ते लगेच ओळखेल. म्हणून दुसरा फोटो शोधा. बहिणीच्या साखरपुड्याच्या आधी घरात काही कार्य झालं असेल, मुंज, बारसं, सत्यनारायण, कुठल्या तरी नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये बाबा मागे उभे असतीलच. सावलीतला, थोडा धूसर, अर्धवट झाकलेला फोटोसुद्धा या कामाला तुमच्या उन्हातल्या स्वच्छ फोटोपेक्षा चांगला. मूळ फाइल मागवा, पुढे ढकललेली नको.

तसा फोटो मिळालाच नाही तर आहे तोच मला संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, ग्रुप फोटोसकट. आणि तुम्हीच करून बघणार असाल तर बाबांना चष्मा होता का ते बघा. काचेवरची उन्हाची चमक आधी उतरवा. हॉलमध्ये बाकी कुणाच्या चष्म्यात आकाश दिसत नाही.